चव, वास आणि वाद

माझी आई अलिबागची. लग्न होऊन मुंबईस आली तरी तिच्या बोलण्यातला तिकडचा हेल कधी गेला नाही. भायखळ्याच्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही सात माणसे. वडिलांना कालवण तिखटजाळ हवे, आजोबांना सौम्य. एका भावाला भाताची खरवड जीव की प्राण, तर दुसरा ती पाहूनच नाक मुरडी. भांडण पेटू लागले की आई हातातली पळी उगारून म्हणे, "ज्याची त्याची आवड! आपापल्या ताटात बघा." की झाले, वाद तिथल्या तिथे मिटे.

आपल्या मराठीत अशा अर्थाच्या म्हणींना तोटा नाही. वडील जरा शिकलेले, ते म्हणत, "व्यक्ती तितक्या प्रकृती." आजोबा आपल्या हाताचा पंजा पुढे करून दाखवीत आणि म्हणत, "पाचही बोटे सारखी असतात का रे?" चाळीत हिंदी बोलणारेही पुष्कळ होते. त्यांच्याकडून आम्ही "पसंद अपनी अपनी" शिकलो आणि "आप रुचि भोजन, पर रुचि शृंगार" हेही शिकलो. खाणे आपल्या आवडीचे, नेसणे लोकांच्या आवडीचे! हे झाले तोंडावर बोलायचे. पाठीमागे बोलायच्या म्हणी निराळ्या. आपण मेहनतीने केलेला पदार्थ पाहुण्याने टाकला की तो गेल्यावर "गाढवाला गुळाची चव काय!" असे म्हणणाऱ्या बायका आमच्याही मजल्यावर होत्या. आणि सर्वांत खरी म्हण म्हणजे "नावडतीचे मीठ अळणी". पदार्थाची चव कधी कधी पदार्थात नसतेच, करणाऱ्या हातावर ती अवलंबून असते, हे त्या तीन शब्दांत आले आहे.

पण आईपाशी या म्हणींपेक्षा मोठे शहाणपण होते, ते मला फार उशिरा कळले. अलिबागला तिच्या माहेरच्या शेजारी कोळी, आगरी, मुसलमान अशी सर्व प्रकारची वस्ती. सणासुदीला ताटे इकडून तिकडे जात. आपल्या लोकांना दुसऱ्याच्या घरचे मटण कसे चालावे? कोलंबी, खेकडे तर नाहीतच. तेव्हा माझी आजी उंबऱ्यावर उभी राहून हसतमुखाने सांगे, "आमच्यात चालत नाही हो, राग मानू नका." कोणीही राग मानीत नसे. पुढच्या सणाला तेच शेजारी नारळ आणि केळी पाठवीत.

आई म्हणे, "बघ, मराठीत 'नको' म्हणायला तीन शब्द आहेत. 'चालत नाही' म्हणजे धर्माने नको. 'मानवत नाही' म्हणजे शरीराला नको. आणि 'आवडत नाही' म्हणजे फक्त जिभेला नको. पहिल्या दोहोंचा कोणाला राग येत नाही. तिसरा शब्द मात्र जपून वापरावा." आम्ही मुले हसत असू. स्वयंपाकघरातले व्याकरण कोण मनावर घेतो?

१९७१ साली मी यजमानांबरोबर इस्राएलला आले. आम्हांला दिमोना येथे घर मिळाले. जिन्यात चार बिऱ्हाडे होती, त्यांत दोन मोरोक्कोची, एक रुमानियाचे आणि एक आमचे. पहिल्याच शुक्रवारी मी शब्बाथसाठी माशाचे कालवण केले. लसणाची फोडणी, हळद, कोथिंबीर. ओला नारळ मिळेना म्हणून सुक्या खोबऱ्याचा कीस गरम पाण्यात भिजवून त्याचे दूध काढले. वास जिना चढून वर गेला. समोरची बाई दार उघडून म्हणाली, "हे काय जळते आहे?" मला रडूच आले. आपल्याकडे शेजारीण आधी म्हणाली असती, "आज काहीतरी खास बेत दिसतो!" मग मनात काहीही असो.

इथल्या लोकांचे बोलणे सरळ. ताट पुढे केले की "लो ताईम ली", म्हणजे मला चवदार लागत नाही, असे तोंडावर सांगून मोकळे होतात. आपण कसे? "छान आहे, पण जरा जड पडते", "चव वेगळीच आहे हं!", "आत्ताच खाऊन आले". आपल्यातल्या जाणत्या माणसाला 'वेगळीच' या शब्दाचा अर्थ बरोबर कळतो. मला प्रथम वाटे की आपण सभ्य आणि हे उद्धट. पुढे वाटू लागले की हे निदान लपवीत तरी नाहीत.

उलपानमध्ये हिब्रू शिकताना आमच्या शिक्षिकेने एक म्हण फळ्यावर लिहिली, "अल ताआम वेअल रेआह एन लेहित्वाकेआह." म्हणजे, चव आणि वास यांवर वाद घालू नये. मला आनंद झाला. म्हटले, आईचे वाक्य इथेही आहे, आणि त्यात वासाचीही सोय आहे! माझ्या फोडणीला जणू वकीलच मिळाला. शिक्षिकेने आणखी सांगितले की, 'ताआम' या शब्दाचे एकापेक्षा जास्त अर्थ आहेत. ताआम म्हणजे चव, आणि ताआम म्हणजे कारण. सेफेर तोरा ज्या सुरात वाचतात त्या सुराच्या खुणांनाही तेआमीमच म्हणतात. मी ते वहीत उतरून घेतले आणि विसरून गेले.

आता मुख्य गोष्ट सांगते.

१९९४ साली माझ्या थोरल्या मुलीचे लग्न एका मोरोक्कन घराण्यातल्या मुलाशी ठरले. मुलगा गुणी, घराणे देवभीरू. आई तेव्हा आमच्याकडेच राहत होती. लग्नाआधी मालिदा करायचा हे तिने आधीच ठरवून टाकले होते. पोहे मुंबईहून आलेल्या नातेवाइकांनी आणले. तिने ते आपल्या हाताने निवडले, भिजवले, त्यांत नारळ, साखर, वेलची, बदाम-पिस्ते घातले. भोवती फळे मांडली. मध्ये वासासाठी गुलाब ठेवला. एलियाहू हन्नाबीचे गाणे झाले, बेराखा झाल्या, आणि मी पहिली बशी विहीणबाईंच्या हाती दिली.

त्यांनी सफरचंदाची एक फोड उचलली, गुलाबाचा वास घेतला, आणि बशी हळूच माझ्याकडे परत सरकवली. मी आग्रह केला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अल ताआम वेअल रेआह..." बाकीचे वाक्य मीच मनात पूर्ण केले.

वाचकहो, मालिदा म्हणजे शिरा की बासुंदी, की आवडला तर खाल्ला, नाही तर ठेवला? ते आपले एलियाहू हन्नाबीचे ताट आहे. कोकणात आपल्या वाडवडिलांपाशी फार थोडे उरले होते तेव्हाही शेमा, शब्बाथ, सुंता आणि हे ताट त्यांनी सोडले नाही. ते कोणी 'चव' म्हणून बाजूला सारावे? माझ्या डोक्यात सणक गेली. आईने मात्र बशी माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "असू दे गं. ज्याची त्याची आवड."

मी ते असू दिले नाही. पुढच्या वर्षी पेसह संपला त्या रात्री विहीणबाईंकडे मिमूना होती. आपल्यांपैकी बहुतेकांना आता हा सण ठाऊक आहे. आठवडाभर मत्सा खाल्ल्यावर त्या रात्री मोरोक्कन घरांची दारे सताड उघडी असतात. पिठाच्या कागदासारख्या पातळ मुफलेता तव्यावर एकीवर एक रचून भाजतात आणि लोणी, मध लावून गरमगरम वाढतात. विहीणबाई तव्यापाशी घामाघूम झाल्या होत्या. त्यांनी पहिली मुफलेता गुंडाळून माझ्यापुढे धरली. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले, गोड हसले आणि म्हणाले, "अल ताआम वेअल रेआह एन लेहित्वाकेआह." वाक्य पूर्ण म्हटले, एक अक्षर गाळले नाही.

त्यांचा हात तसाच राहिला. शेजारी बसलेल्या आईने पुढे होऊन ती मुफलेता घेतली, खाल्ली, आणि मोडक्या हिब्रूत म्हणाली, "तोव! तोव मेओद!" मग दुसरी मागून घेतली.

घरी आल्यावर आई मला बोलली, तशी ती लहानपणीही बोलली नव्हती. "ती म्हण भांडण मिटवायला आहे. तू तिने भांडण केलेस. ही तर आपल्या घावनाचीच बहीण आहे. तुला ती आवडत नाही हे खोटे, कारण तू चाखलीच नाहीस. चाखून नको म्हटले तर पदार्थ नको. न चाखता नको म्हटले तर माणूस नको."

मी म्हटले, "मग त्यांनी काय केले होते?"

"ते तू विचारलेस का?" आई म्हणाली.

मी विचारले नाही. सहा वर्षे विचारले नाही. येणे-जाणे होते, सणांचे निरोप होते, नातवंडांच्या सुंतेला एका पंगतीत बसलो. पण माझ्या घरी त्या गोडाचा घास घेत नसत आणि त्यांच्या घरी मी. दोघीही हसून तेच वाक्य म्हणत असू. मुलगी मध्ये कानकोंडी होई. बाहेरून पाहणाऱ्याला वाटले असते, काय समंजस विहिणी आहेत!

२००१ साली आईला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी साखर बंद केली. त्याच सुमारास यजमान एका दुखण्यातून उठले म्हणून आम्ही नवसाचा मालिदा केला. विहीणबाई आल्या होत्या. आईच्या हातात बशी होती. माझी पाठ वळताच ती बशी तिने नातजावयाच्या बशीखाली सरकवली. विहीणबाईंनी ते पाहिले आणि मोठ्याने हसू लागल्या. मग आईजवळ सरकून त्यांनी काहीतरी सांगितले. आईचे हिब्रू थोडके, तिला 'सुकार' एवढा शब्द कळला. तिने मला हाक मारली, "अगं, इकडे ये! विहीणबाईंनासुद्धा साखर आहे! केव्हाची आहे ते विचार."

मी विचारले. मुलीच्या लग्नाआधी दोन वर्षे.

"मग त्या दिवशी सांगितले का नाही?" मी म्हटले.

त्या म्हणाल्या, "मुलाचे लग्न ठरलेले. नव्या सोयऱ्यांच्या घरी, पहिल्याच दिवशी, मला हा रोग आहे म्हणून सांगू? तुम्हांला वाटले असते, मुलालाही होईल. म्हटले, चवीवर ढकलावे. चवीवर कोणी वाद घालत नाही."

मला काय बोलावे सुचेना. सहा वर्षे मी ज्याला 'आवडत नाही' समजत होते ते 'मानवत नाही' होते. उलपानच्या वहीत मीच लिहून ठेवले होते की ताआम म्हणजे चव आणि ताआम म्हणजे कारण. मी चवीवर वाद घातला नाही हे खरे, पण कारणही विचारले नाही. आणि माझे स्वतःचे कारण? ते तर सांगण्यासारखेही नव्हते. मग मी त्यांच्यापाशी मिमूनाच्या रात्रीबद्दल क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "मला वाटले, तुम्हांलाही साखर असेल आणि तुम्हीही लपवीत असाल." इतका चांगला अर्थ त्यांनी लावला होता, आणि मी कोणता लावला होता!

आपल्या हखामांनी हे जुन्या काळीच ओळखले होते. ताल्मूदात, बेराखोथमध्ये, सांगितले आहे की इस्राएल लोकांचा सहा लाखांचा समुदाय एकत्र दिसला तर गुपिते जाणणाऱ्या परमेश्वराची स्तुती करावी. याचे कारणही तिथेच दिले आहे. त्या समुदायात एकाचे मन दुसऱ्यासारखे नसते आणि एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नसतो. मला यात नवल वाटते ते हे की, माणसे निरनिराळी दिसली म्हणून 'निरनिराळी माणसे घडवणारा' असे न म्हणता 'गुपिते जाणणारा' असे म्हटले आहे. प्रत्येकाच्या आवडी-नावडीमागे एक गुपित असते आणि ते त्याला ठाऊक असते. आपल्याला ठाऊक नसते. म्हणून आपण विचारावे लागते.

याचा अर्थ म्हणी टाकून द्याव्या असा नाही. जिथे खरोखर जिभेचाच प्रश्न आहे तिथे "ज्याची त्याची आवड" यासारखे शहाणे वाक्य नाही. माझ्या एका नातवाला चिकाचा हलवा आवडतो, दुसऱ्याला तो बघवत नाही. त्यावर मी काय भांडू? पण जिन्यातल्या रुमानियाच्या शेजारणीने पेसहमध्ये माझा भात घेतला नाही, तेव्हा ती आवड नव्हती, मिनहाग होता. अश्कनाझी लोक त्या आठवड्यात तांदूळ खात नाहीत, आपण खातो. तिथे "ज्याची त्याची आवड" म्हणणे म्हणजे तिच्या धर्माला जिभेचे चोचले म्हणण्यासारखे झाले असते. आजीचा शब्दच तिथे खरा, "त्यांच्यात चालत नाही."

आई २००६ साली गेली. विहीणबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. आमच्याकडे मालिदा असला की एक छोटी बशी वेगळी काढून ठेवते. पोहे दोन चमचे, साखर मुळीच नाही, नारळ भरपूर, वर वेलची. त्या ती बशी संपवतात आणि दर वेळी सांगतात की थोडी साखर असती तर बरे झाले असते. मिमूनाला मी तीन मुफलेता खाते. खरे सांगायचे तर त्यांवर मध मला जरा जास्तच वाटतो. तेही आता त्यांना सांगितले आहे.

वाचकहो, आपली मुले आज येमेनी, मोरोक्कन, रशियन, इथिओपियन अशा सर्व घरांत सून-जावई होऊन जात आहेत. ताटे परत येणारच. कोणी तुमचे ताट हसून मागे सारले तर तुम्हीही हसा, पण तिथेच थांबू नका. ताट उचलता उचलता हळूच विचारा, "चालत नाही, मानवत नाही, की आवडत नाही?" उत्तर तिसरे आले तर खुशाल म्हणा, ज्याची त्याची आवड. पहिले किंवा दुसरे आले, तर पुढच्या वेळी एक छोटी बशी वेगळी काढून ठेवा.