मुंग्या, डेंग्यू आणि माझा चुकलेला अंदाज

ओट्यावर साखर सांडली की थोड्याच वेळात मुंग्यांची रांग लागते. रस्ता कुणी आखून दिलेला नसतो. मुंगी चालताना फेरोमोन नावाचं रसायन मागे ठेवते. जवळच्या वाटेने मुंग्या लवकर परततात, तिथे वास दाट होतो आणि बाकीच्याही तिकडेच वळतात. लांबच्या वाटेवरचा वास उडून जातो. 1992 मध्ये मार्को डोरिगो या संशोधकाने इटलीतल्या मिलानमध्ये, पीएचडीच्या प्रबंधात, हीच रीत संगणकासाठी मांडली.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर, याचा आमच्या तापाशी काय संबंध?

तुम्ही लक्षणं सांगता, मी उलटा चालत कारणाकडे जातो. या तर्काला 'अ‍ॅबडक्शन' म्हणतात. मीमांसकांचा जुना दाखला याच्या जवळचा आहे: लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही, म्हणजे रात्री जेवत असणार. (मी आधी त्याचं थायरॉइड तपासलं असतं.) पण एकाच माणसाला दोन-तीन आजार एकदम असू शकतात. फक्त 20 आजार धरले तरी त्यांचे दहा लाखांहून जास्त वेगवेगळे संच होतात. ते सगळे तपासण्याऐवजी संगणकातल्या कृत्रिम मुंग्या एकेक संच जुळवून पाहतात. कमीत कमी आजारांत सगळी लक्षणं उलगडणाऱ्या संचावर वास जास्त पडतो. आणि दर फेरीला सगळ्याच वाटांवरचा वास थोडा उडवला जातो. तो उडवला नाही, तर सुरुवातीला बरी वाटलेली वाटच पक्की होऊन बसते.

माझ्याकडून नेमकं हेच झालं होतं.

काही वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. निम्मी ओपीडी डेंग्यूची. शेतात काम करणाऱ्या एक मावशी पाचव्या दिवशी आल्या. ताप, अंगदुखी, प्लेटलेट 80 हजार. डेंग्यूची एनएस-1 तपासणी निगेटिव्ह आली, तर मी म्हटलं, उशीर झाला असेल. सातव्या दिवशी ताप तसाच. डेंग्यूचा ताप बहुधा आठवड्यात उतरतो, हे मला ठाऊक होतं. तरी मी प्लेटलेटचाच आकडा पाहिला. नवव्या दिवशी त्यांना धाप लागली. मोठ्या रुग्णालयात कपडे बदलताना सिस्टरला काखेत काळी खपली दिसली, विडीचा चटका बसावा तशी. स्क्रब टायफस! गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा हा आजार, प्लेटलेट यातही घसरतात. डॉक्सीसायक्लिन सुरू झाल्यावर दोन दिवसांत ताप उतरला, पण तोवर मावशी ऑक्सिजनवर होत्या. मी त्यांची काख पाहिलीच नव्हती.

आता ताप लांबला की मी केसपेपरवरच्या निदानापुढे प्रश्नचिन्ह काढतो आणि पहिल्यापासून तपासतो. तुम्हीही शेतात, गवतात गेला असाल तर आपणहून सांगा. काख, जांघ, कमरपट्ट्याखालची जागा बघा. ही खपली सहसा दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही. लाजू नका.

मावशी अजून येतात, हल्ली बीपीसाठी. खुर्चीत बसतानाच विचारतात, "डॉक्टर, काख बघायची का?"