सांगितल्याशिवाय न दिसणारे रान

डोंगरावर वाटाड्या हवा असतो तो वाट चुकू नये म्हणून. माथ्यावर पोचल्यावर समोरचे दृश्य त्याने समजावून द्यावे लागत नाही. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या प्रेअरी या गवताळ रानाचे नेमके उलटे आहे. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला, विद्यापीठाच्या आर्बोरेटम या वनस्पती-उद्यानात, वाट चुकणे अवघडच. पण नुसते डोळे घेऊन गेलेल्याला दिसते ते पुरुषभर उंचीचे वाळके गवत आणि अधूनमधून विखुरलेले ऐसपैस ओक. ऑक्टोबरात बिग ब्लूस्टेम तांबूस-जांभळे होते, इंडियन ग्रास सोनेरी दिसते, हे खरे. तरीही मेपलची लाल पाने पाहायला गाड्या भरभरून निघणारी गर्दी इथे फारशी फिरकत नाही, आणि त्याबद्दल तिला बोल लावता येत नाही. या रानाचा मोठा हिस्सा जमिनीखाली असतो आणि ते घडवणारी आग त्या दिवशी हजर नसते. म्हणून माहितगाराबरोबर चालणे ही इथे निव्वळ सोय नाही. हे रान पाहण्याची रीतच ती आहे, असे माझे म्हणणे.

पुरावा झाडांपासूनच घ्यावा. बर ओकच्या खालच्या फांद्या आडव्या, लांबवर पसरलेल्या असतात. दाटीत वाढलेल्या झाडाला असा पसारा परवडत नाही. म्हणजे हे झाड वाढले तेव्हा भोवती मोकळे गवत होते. गवत पेटले की कोवळी झुडपे जळत, जाड बुचासारख्या सालीचा ओक तगून राही. ही आग केवळ विजेने लागत नव्हती. हो-चंक आणि त्यांच्या शेजारच्या जमाती पिढ्यान्‌पिढ्या ती मुद्दाम लावत. वणवा थांबला तसे सावली धरणारे वृक्ष घुसले आणि ओकच्या रोपांना ऊन मिळेना. गवताची मुळे मात्र सात-आठ फूट, कधी त्याहूनही खोल जातात; वरचे सगळे जळाले तरी वसंतात ते पुन्हा फुटते. याच मुळांनी घडवलेली काळी, कसदार माती गवताच्या मुळावर आली. 1837मध्ये जॉन डीअरने चिकट मातीतही न अडणारा पोलादी नांगर बनवला, आणि इलिनॉयमधल्या दोन कोटी एकरांहून अधिक प्रेअरीपैकी 1970च्या दशकातल्या पाहणीत चांगल्या स्थितीतली तीन हजार एकरही सापडली नाही.

यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: आर्बोरेटममधली कर्टिस प्रेअरी तर लावलेली आहे! 1930च्या दशकात जुन्या शेतजमिनीवर बेरोजगार तरुणांच्या सरकारी पथकाने ती उभी केली; मग हा निसर्ग की बाग? पण मूळची प्रेअरी तरी माणसाच्या हातावाचून कुठे टिकली होती? 1940च्या दशकात तिथेच केलेल्या जाळण्याच्या प्रयोगांनी आगीचे महत्त्व दाखवून दिले. म्हणजे जुनी रीत विज्ञानाच्या वाटेने परतली. नक्कल पुरती साधलेली नाही, हेही कबूल करायला हवे. शहरातून वाहून येणारे पावसाचे पाणी शिरते तिथे रीड कॅनरी नावाचे दांडगे गवत बाकी सगळ्यांना रेटते. चांगला वाटाड्या ते कोपरेही दाखवतो.

नावे आणि आकडे ऐकून सौंदर्य विटते, हा दुसरा आक्षेप मला तितकासा पटत नाही. बॉटल जेन्शनचे निळे फूल उमलतच नाही. कळी समजून माणूस पुढे जातो. भुंग्यासारखी धष्टपुष्ट बंबलबी मात्र पाकळ्या बळाने फाकवून आत शिरते. हे कळल्यावर फूल कमी सुंदर कसे होईल? आणि न कळण्याची किंमत आपल्याकडेही मोजली जाते. दख्खनचा माळ लांडग्याचा, चिंकाऱ्याचा, माळढोकाचा. इंग्रजी अमदानीच्या दफ्तरात असल्या जमिनी पडीक ठरल्या, आणि सदिच्छेने रोपे लावायला निघालेली मंडळी अजूनही तिथे खड्डे घेतात. त्यांना आधी एक फेरी घडवावी. तीही पावसाळा सरल्यावर, कुसळी गवताची कुसळे पायजम्यात रुततात तेव्हा.