ब्लॉकचेन कशाला पाहिजे, ते आधी ठरवूया

'इतके शेतकरी ब्लॉकचेनवर आणायचे' असं कुणी उद्दिष्ट सांगितलं की मी विचारतो, आमचं अडलंय कुठं आणि त्यानं ते सुटतंय का?

ब्लॉकचेन म्हणजे सामायिक वही. एकच वही अनेकांकडं असते, त्यामुळं झालेली नोंद कुणा एकाला गुपचूप बदलता येत नाही.

ही वही कामाला येते ती वखारीत. राज्य वखार महामंडळाच्या गोदामात सोयाबीन ठेवलं की पावती मिळते आणि त्या पावतीवर तारण कर्ज मिळतं. बँकेला भीती दोनच. पावती खरी आहे का, आणि तीच पावती दुसऱ्या बँकेत ठेवली नाही ना? महामंडळानं पावत्या ब्लॉकचेनवर आणल्या त्या यासाठी. कर्ज वेळेत हातात पडलं तर काढणीच्या पडत्या भावात माल फुकायला लागत नाही. फायदा झाला तो हा.

आता द्राक्ष बघा. युरोपला जाणारी पेटी कुठल्या बागेतली, हे अपेडाचं ग्रेपनेट 2006 पासून सांगतंय. बिटकॉईन आलं 2009 ला. म्हणजे ब्लॉकचेन नव्हती तेव्हाही माग लागत होता.

आणि आपल्या शिरोळ तालुक्यातला ऊस? गाडी काट्यावर चढली, तिथंच काटा मारला, तर वहीत खोटा आकडाच पक्का होऊन बसणार. तिथं वैधमापनवाल्यांची अचानक तपासणी पाहिजे, भरल्या गाडीचं बाहेर वजन करायची मुभा पाहिजे. बिलाचंही तसंच. 14 दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर 15 टक्के व्याज, हे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे. ऊस कधी गेला याची नोंद कारखान्यातही असते, आपल्याकडंही. नोंद नाही म्हणून बिल थकत नाही.

म्हणून कुणी अशी योजना घेऊन बांधावर आलं तर तीन गोष्टी विचारा. नोंद कोण करणार? चुकली तर दुरुस्ती कुठं होणार? माझे पैसे किती दिवस आधी मिळणार? तिन्हीची उत्तरं सरळ आली तर खुशाल सही करा. नुसता शेतकऱ्यांचा आकडा भरायचा असेल तर चहा पाजून वाटेला लावा.

वखारीच्या पावतीवर कुणी कर्ज काढलं असेल तर किती दिवसांत पैसे मिळाले, तेवढं खाली लिहा. बाकीच्यांना उपयोग होईल.