मधली जागा

स्टीरिओ ही मुळात एकाच माणसासाठी केलेली रचना आहे, हे तुमच्या कधी लक्षात आले आहे का? दोन स्पीकर समोर ठेवावेत, त्या दोहोंत जितके अंतर तितक्याच अंतरावर श्रोत्याने बसावे आणि तिघांचा मिळून समभुज त्रिकोण व्हावा, असा तिचा साधा नियम आहे. त्या त्रिकोणाच्या टोकाशी बसले की गायकाचा आवाज दोन पेट्यांतून येत नाही. त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेतून येऊ लागतो. तबला एका अंगाला, सारंगी दुसऱ्या अंगाला, अशी सारी मैफल समोर मांडली जाते. पण तुम्ही हातभर उजवीकडे सरकलात की उजवा स्पीकर जवळ येतो आणि डावा दूर जातो. ध्वनीला एक फूट अंतर कापण्यास सुमारे एक सहस्रांश सेकंद लागतो. एवढासा फरकही कानाला पुरतो आणि गायक मधली जागा सोडून जवळच्या पेटीत जाऊन बसतो. खोलीत दहा माणसे असली, तरी ही मैफल एकालाच पूर्ण लाभते.

मग अशा यंत्रासमोर पाहुण्यांना बोलवावे तरी कसे? गेली काही वर्षे महिन्यातून एकदा आमच्या घरी संगीत ऐकण्याची बैठक होते आणि हा प्रश्न तेव्हापासून माझ्या सोबतीला आहे.

आमचे घर नागपूरच्या महाल भागात आहे. एकेकाळी जुम्मा दरवाजा म्हणून ओळखले जाणारे गांधी गेट, बडकस चौकातली वर्दळ, भोसल्यांच्या काळाची आठवण देणारे वाडे आणि त्या वाड्यांच्या जागी उभ्या राहणाऱ्या नव्या इमारती, असा हा परिसर. बैठकीची खोली जुन्या बांधणीची आहे. भिंती जाड, छत सागवानी तुळयांचे. उघड्या भिंतीवरून ध्वनी परततो आणि मूळ स्वरात मिसळून त्याला गढूळ करतो. म्हणून सतरंजी, गाद्या आणि पुस्तकांनी भरलेले कपाट यांना येथे शोभेपेक्षा मोठे काम असते. माणसेही ध्वनी शोषून घेतात. दुपारी रिकाम्या खोलीत जी रेकॉर्ड झणझणीत वाटते, तीच संध्याकाळी आठ-नऊ जण बसले की मऊ होते. उन्हाळ्यात बैठक बंद असते. नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद करून कोणी बसू शकत नाही आणि तो चालू ठेवून तंबोरा ऐकता येत नाही.

एका जागेची ही अडचण पूर्वी नव्हती. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले आणि त्यानंतर तबकड्या भारतीय घरांत येऊ लागल्या. ग्रामोफोनला कर्णा एकच. त्याच्यासमोर कोणी कुठेही बसावे. सर्वांना सारखेच ऐकू येई. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे, की पुन्हा कोणीतरी उठून चावी द्यायची. ॲलन ब्लमलाइनने १९३१ साली इंग्लंडमध्ये स्टीरिओ ध्वनिमुद्रणाचे पेटंट मागितले आणि १९५८ पासून स्टीरिओ तबकड्या बाजारात रुळल्या. तबकडीवरील खाचेच्या दोन तिरप्या भिंतींवर दोन स्वतंत्र ध्वनी कोरलेले असतात आणि एकच सुई ते दोन्ही वाचते. मुद्रणाची ही मोठी प्रगतीच होती. मात्र तिच्याबरोबर श्रोत्यांमध्ये मानाचे एक आसनही आले.

आमच्या बैठकीला एक निवृत्त बँक कर्मचारी येतात, एक संगीतशिक्षिका आणि त्यांची मुलगी येते, जुन्या तबकड्यांचे एक संग्राहक येतात, वर्ध्याहून रेल्वेने एक तरुण अभियंता येतो. व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर चांगला की ट्रान्झिस्टरचा, महागड्या तारेने खरेच काही फरक पडतो का, यावर कडाक्याचे वाद होतात. नियम दोनच आहेत. सुई टेकली की कोणी बोलायचे नाही. आणि चहा, चिवडा व सांबारवडी शेवटी. कुरकुरीत चिवड्याइतका संगीताचा शत्रू नाही.

मधली जागा प्रत्येक बाजू संपली की बदलावी, असे ठरले होते. एल.पी.ची एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची असल्याने एका संध्याकाळी पाच-सहा जणांची पाळी येई. अपवाद एकच होता. आमच्या आळीतले एक काका वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेले आहेत. तारुण्यात त्यांनी अनेक गायकांना हार्मोनियमची साथ केली. ते आले की मधली गादी त्यांची, आणि ती पाळीपाळीने बदलत नसे.

एकदा तो तरुण अभियंता सर्वांच्या मागे थांबून मला म्हणाला, "भाऊ, राग नका मानू. पण काकांना आता वरचे ध्वनी ऐकूच येत नाहीत. त्या जागेचा त्यांना उपयोग काय? मी दोन तास प्रवास करून येतो आणि भिंतीला टेकून बसतो."

त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. माणसाचा कान २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकतो आणि वयाबरोबर त्यातला वरचा भाग आधी ओसरतो. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. ऐकण्याची खरी भूक होती. मी काही उत्तर दिले नाही. परंतु घर लहान आहे आणि काकांना जेवढे ऐकू येते, तेवढे पुरेसे असावे. पुढच्या वेळी ते आले आणि दारालगतच्या खुर्चीवर बसले. त्याच्या पुढच्या वेळी आलेच नाहीत. मधली गादी तेव्हा सर्वांना मोकळी होती, पण तिच्यावर बसायला कोणी पटकन पुढे होईना.

मी घरी जाऊन त्यांना बोलावून आणले, ती बैठक जोहराबाई आग्रेवालींची होती. संग्राहक मित्राने १९१० च्या सुमाराची त्यांची तबकडी आणली होती. विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले १९२५ साली. त्याआधी गायकाला कर्ण्यात तोंड घालून गावे लागे आणि सुमारे २,५०० हर्ट्झच्या वरचे फारसे काही तबकडीवर उतरत नसे. ही माहिती अभियंत्यानेच सर्वांना सांगितली. सांगता सांगता तो क्षणभर थांबला आणि त्याने दाराकडे पाहिले. ज्या ध्वनींसाठी तो मधली जागा मागत होता, ते या तबकडीत नव्हतेच.

गाणे सुरू झाल्यावर काका नियम मोडून बोलले. "बाई इतक्या घाईत नाही गायच्या हो. श्वास कुठे घेतील?" जुन्या तबकड्या सगळ्याच मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नसत. ज्या वेगाने मुद्रण झाले, त्याहून अधिक वेगाने वाजवल्या तर स्वर चढतो आणि तान धावते. अभियंत्याने टर्नटेबलचा वेग हळूहळू उतरवत नेला. एका क्षणी काकांनी हात वर केला. आवाजाला वजन आले, तानेला श्वास मिळाला आणि खोलीत एक बाई गाऊ लागली.

यात काका जिंकले, असे मला म्हणायचे नाही. त्याच संध्याकाळी पुढे लावलेल्या स्टीरिओ तबकडीतला स्वरमंडलाचा बारीक झंकार त्यांना ऐकू आला नाही; तो अभियंत्याने ऐकला आणि नंतर त्यांना वर्णन करून सांगितला. शेवटी 'कट्यार काळजात घुसली' या १९६७ च्या नाटकातली पदे लावली. नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, आणि खाँसाहेब रंगवणारे वसंतराव देशपांडे याच शहरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेले. तेव्हा संगीतशिक्षिकेने शब्दोच्चारातले असे काही दाखवले, जे आम्हा दोघा-तिघांपैकी कोणाच्याही कानी पडले नव्हते. एकाचा कान वेग पकडतो, एकाचा झंकार, एकीचा उच्चार. मधली जागा उत्तम कानाला द्यायचे बक्षीस असते, तर ती कोणाला द्यावी हे आम्हांला आजही ठरवता आले नसते.

ती जागा आता पुन्हा पाळीने फिरते आणि पहिली पाळी काकांची असते. हा मान त्यांच्या श्रवणशक्तीचा नाही, त्यांच्या येण्याचा आहे. यजमानाने एवढेच जपायचे असते, असे मला वाटते. यंत्राला एकच श्रोता कळतो. बाकीच्यांसाठी जागा करणे हे यंत्राचे काम नव्हे, घराचे काम आहे. मुंबईत १९९० पासून जुन्या ध्वनिमुद्रिकांचे संग्राहक 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'च्या रूपाने एकत्र येऊन ऐकत आले, त्यामागेही हीच गरज असावी. तबकडी एकट्याच्या मालकीची असू शकते; तिचे ऐकणे मात्र एकट्याला पुरे पडत नाही.

तुम्ही हा निबंध बहुधा दिवसभराचे काम आटोपून, एकट्याने वाचत असाल. दूरशिक्षणाचा अभ्यास असाच होतो. तोही त्रिकोणाच्या टोकाशी एकट्याने बसण्यासारखा आहे. अभ्यासकेंद्रावर एखादा सहाध्यायी भेटला, तर यातला किंवा दुसऱ्या एखाद्या पाठातला परिच्छेद त्याला मोठ्याने वाचून दाखवा आणि त्याच्या कानाला काय लागले ते विचारा. तुम्हांला जे ऐकू आले नसेल, ते कदाचित त्याला आले असेल.