मांडवीतल्या जहाजावर एक रात्र

मंडळी, गोव्याला जाऊन आलो असे सांगितले की लोक आधी समुद्राचे विचारतात, मग देवळांचे. मला या खेपेला समुद्र लांबूनच दिसला. सांगायचे आहे ते मांडवी नदीचे आणि तिच्यात नांगर टाकून उभ्या असलेल्या जुगाराच्या जहाजांचे. आता तुम्ही म्हणाल, या वयात या माणसाला तिथे जायचे काय कारण? कारण लग्नाचे होते. सगळे सांगतो, म्हणजे तुम्हीच ठरवा.

माझ्या शाळेपासूनच्या दोस्ताची मुलगी गोव्यात दिली. सोयरीक चोडण बेटावरची, घर शेतकऱ्याचे. लग्न रविवारी, माशेलच्या हॉलमध्ये. आम्ही आजरेकर मंडळी शुक्रवारीच निघालो. आंबोली उतरून सावंतवाडी, बांदा, मग पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा. बरोबर पन्नास किलो घनसाळ तांदूळ घेतला होता. व्याह्यांकडे जायचे आणि आमच्या मातीचा वास न्यायचा नाही, हे दोस्ताला पटण्यासारखे नव्हते.

चोडणला जायला रायबंदरहून फेरीबोट. गाडीसकट माणसे बोटीवर चढतात आणि पाचसात मिनिटांत पलीकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्या मुलाचे काका मला शेत दाखवायला घेऊन गेले. ते पाहून मी थक्क झालो. तिथल्या जमिनीला खाजन म्हणतात. नदीचे पात्र वर आणि शेत खाली! भरतीला समुद्राचे खारे पाणी नदीतून थेट आत चढते. ते अडवायला मातीचा, दगडांचा लांबच लांब बांध. बांधाला एके ठिकाणी लाकडी झडपांचे दार, त्याला मानस म्हणतात. भरतीचे पाणी बाहेरून रेटा देते तेव्हा झडपा आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. इंजिन नाही, वीज नाही. पावसाळ्यात पावसाने मीठ धुऊन निघाले की भात लावायचे, आणि तेही कोरगुटसारखे, खारेपणा सोसणारे. मानसीच्या तोंडाशी मासळी मिळते, तिचा लिलाव होतो.

पूर्वी हे बांध गावकऱ्यांची गावकी मिळून राखायची. पोर्तुगीजांनी त्या गावकीला कोमुनिदाद हे नाव दिले. आता मजूर मिळत नाहीत, पोरे नोकरीला लागली, आणि एकदा बांधाला भगदाड पडून ते वेळेत बुजवले नाही की खारे पाणी शेतात घुसते. मग काही वर्षांत तिथे कांदळवन उभे राहते. काकांनी असा एक तुकडा हात करून दाखवला. त्यांच्याच भावकीचा होता. त्यावर ते काही बोलले नाहीत, मीही विचारले नाही.

परत येताना फेरीवरून पणजीच्या बाजूला बोट दाखवून ते म्हणाले, "ती जहाजे दिसतात ना, ते कॅसिनो. आम्हाला आत जायला बंदी."

मला वाटले थट्टा करतात. पण खरेच आहे. फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या माणसाला कॅसिनोत खेळायला मनाई आहे. बाहेरच्याने यावे, पैसे घालवावे, जावे. हा सगळा मामला कायद्याने बसवलेला आहे बरे का. गोव्याचा जुगारबंदीचा कायदा १९७६ चा. त्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रावरचा जुगार चालू दिला, आणि १९९६ मध्ये पाण्यावरच्या जहाजांत टेबलावरचे खेळ. म्हणून जहाजे. आणि गंमत बघा, त्याच १९७६ सालात आपल्या महाराष्ट्रानेही कॅसिनोचा कायदा करून ठेवला होता! तो कधी अमलात आलाच नाही, आणि २०२३ मध्ये विधिमंडळाने तो रद्दच करून टाकला. सत्तेचाळीस वर्षे नुसता कागदावर. असो.

शनिवारी रात्री जेवणे झाली. नवरीचा भाऊ, म्हणजे दोस्ताचा मुलगा, आणि पुण्याहून आलेली त्याची दोन आतेभावंडे यांचे कुजबुजणे चालले होते. तेवढ्यात वहिनी माझ्याजवळ आल्या.

"भावजी, पोरं त्या जहाजावर जायची म्हणत्यात. ह्यांना सांगू नका, उगच तमाशा होईल. तुम्ही तेवढं बरोबर जावा. जेवणवाल्याचं साठ हजार त्याच्याजवळच हाईत."

मी म्हटले, "वहिनी, दुसऱ्या कुणाला सांगा. माझं तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक हाय म्हणूनच तुम्हाला सांगते," त्या म्हणाल्या.

आता हे 'माझे' काय, ते तुम्हाला सांगायला हवे. आमचे वडील माणूस देवासारखा, पण दिवाळीच्या पाडव्याला हौसेने सुरू झालेले तीन पानी वर्षभर पुरू लागले, आणि नंतर मटका आला. हा मटका मूळ निघाला कापसातून. न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा भाव उघडताना काय आणि बंद होताना काय, यावर मुंबईत पैसे लागत. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथलेच. ते आकडे येणे थांबले तेव्हा १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपले आकडे काढायला सुरुवात केली, आणि ते लोण एस.टी. स्टँडाच्या पानपट्टीपर्यंत पोहोचले. आमची ओढ्याकाठची दोन एकर, विहिरीसकट, १९७४ मध्ये गहाण पडली आणि सुटली नाही. आईची बोरमाळ त्याआधीच गेली होती. मी तेव्हा पंधरा वर्षांचा. आईने मला तुळशीवर हात ठेवायला लावला आणि वदवून घेतले की पत्त्याला शिवणार नाही. लग्नकार्यात बायका-पोरे भिकार-सावकार खेळतात, त्यातही मी आजवर बसलेलो नाही.

तरी निघालो. जेट्टीवर जाताना पोराकडून पैशांचे पाकीट मागून घेतले आणि बंडीच्या आतल्या खिशात घालून वर सेफ्टीपिन लावली. त्याने मुकाट्याने दिले. पायात कोल्हापुरी चपला होत्या. पुण्याचा भाचा म्हणाला, चपलेवर आत सोडत नाहीत. गाडीत त्याचे जास्तीचे बूट होते, ते चढवले. एक नंबर मोठे. आधारकार्ड तपासले, फोटो काढला. एकवीस वर्षांखालच्याला खेळायच्या जागेत प्रवेश नाही. माणशी तीन हजार रुपये घेतले, माझे पोरांनीच भरले. त्यात जेवणखाण आले आणि दीड हजाराच्या खेळायच्या चकत्या. चिप्स म्हणतात त्यांना. त्या चकत्यांचे पैसे परत मिळत नाहीत, एकदा लावल्या की त्या गेल्या. जिंकलात तर मिळते ती दुसरी चकती, तिचे मात्र रोख होतात.

लहान होडीतून जहाजावर नेतात. काठावर आदिलशाही काळातला जुना वाडा दिव्यांत उजळलेला होता. पुढे तेच सचिवालय झाले आणि २००० सालापर्यंत गोव्याची विधानसभा तिथेच भरे. त्याच्या समोर पाण्यात ही जहाजे, जत्रेतल्या पाळण्यासारखी लखलखणारी.

आत गालिचा, गारवा, गाणी, नाच. बायकामुले घेऊन आलेली कुटुंबेही होती, पोरांसाठी वेगळी खोली. खिडकी नाही. घड्याळ मला तरी कुठे दिसले नाही. मी पोराच्या मागे उभा राहिलो. तो पत्त्यांच्या टेबलाकडे न जाता चाकाकडे गेला. रुलेट म्हणतात त्याला. शून्यापासून छत्तीसपर्यंत सदतीस घरे, अठरा लाल, अठरा काळी, शून्य हिरवे. चाक फिरवतात, गोळी उलट्या बाजूला सोडतात, ती ज्या घरात बसेल तो आकडा. आपण आकड्यावर लावावे किंवा रंगावर.

"काका, तुमच्या चकत्या तशाच जाणार. लावा की," भाचा म्हणाला. "आणि शपथ पत्त्याची हाय ना? हे तर चाक!"

हसू नका, पण मला ते पटले. फुकट गेलेल्या चकत्यांचा जीवही तुटत होता. शेतकऱ्याला टाकून देणे जमत नाही. पाचशेची एक लालवर ठेवली. लाल आला. दुसरी लालवर, गेली. तिसरी पहिल्या बारा आकड्यांवर लावली, ती दुप्पट देऊन गेली. हातात दीड हजाराच्या रोख होणाऱ्या चकत्या. मग काय झाले ते नीट सांगता येत नाही. मला पुण्याची भाचरे दिसेनात, गाणे ऐकू येईना. काळा, काळा, लाल. गोळी घरात पडताना टकटक वाजते तेवढेच ऐकू येई. एका क्षणी मोजले तर साडेसहा हजार होते. आमच्याकडच्या दोन टन उसाचे बिल जवळपास तेवढेच, आणि तो ऊस बारा महिने सांभाळावा लागतो.

या खेळाचा हिशेब मी नंतर घरी येऊन मांडला, तो इथेच सांगून टाकतो. सदतीस घरांवर एकेक रुपया ठेवा. सदतीस रुपये गेले. कुठलाही आकडा आला तरी तुमच्या रुपयासह छत्तीसच परत मिळतात. एक रुपया घराचा. म्हणजे शंभराला दोन रुपये सत्तर पैसे. तुम्ही म्हणाल, एवढेच? आपला अडत्या याहून जास्त कापायचा! पण अडत्या एका मालावर एकदाच कापतो. इथे चाक तासाला तीसचाळीस वेळा फिरते आणि तोच पैसा दर फेऱ्याला कापला जातो. शिवाय सरकार आहेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर चाळीस टक्के जीएसटी लागला. कुठे कुणी लबाडी करायची गरजच नाही. चाक सरळ फिरले तरी पुरते.

पण तेव्हा हिशेब कुणाला सुचतो? साडेसहाचे चार झाले, चाराचे दोन, आणि मग एकदा दोन्ही हजार काळ्यावर ठेवले, कारण सलग चार वेळा लाल आला होता आणि मला खात्री होती की आता काळाच येणार. चाकाला मागचे काही आठवत नसते. पाचव्यांदाही लालच आला.

माझा उजवा हात बंडीत गेला. हे मी विचार करून केले नाही. सेफ्टीपिन उघडली होती, पाकिटाचा कोपरा बोटांना लागला होता, आणि मनात एवढेच होते की यातले दोन घ्यावे, चार झाले की दोन परत ठेवावे, कुणाला कळणार आहे. वडीलही असेच म्हणत असतील. त्यांच्यावर मी पन्नास वर्षे राग धरला होता. दोन एकर घालवताना त्या माणसाला काय होत असेल, हे मला कधी समजले नव्हते, समजून घ्यायचेही नव्हते.

"काका," पोरगा माझ्या मनगटाला धरून हळूच म्हणाला, "उठा. ताईचं लगीन हाय उद्या."

त्याने स्वतःच्या चकत्या घालवून तासभर झाला होता आणि तो माझ्यामागे उभा होता. ज्याच्यावर नजर ठेवायला मी आलो, तो माझ्यावर नजर ठेवून होता. मी उठलो. बूट मोठे असल्याने चालताना पाय घसरत होता, त्याने खांद्याला हात लावून जिन्यावरून खाली आणले. भाचरांना जेवायचे होते. मला घास गिळवेना, ताक मागितले तर ते नव्हते.

होडीतून परतलो तेव्हा तीन वाजून गेले होते. ओहोटी लागलेली. काठच्या चिखलाचा वास येत होता. मला सकाळची मानस आठवली. या घटकेला तिच्या झडपा उघड्या असतील आणि पाणी बाहेर पडत असेल. पोराला म्हटले, "आईला काय सांगणार?"

"काय सांगायचं? तुम्ही मला सांभाळलंत."

"तसं सांगू नकोस."

सकाळी अंघोळ करून मी आधी वहिनींकडे गेलो. मांडवात हळदीची भांडी घासायचे चालले होते. त्यांना बाजूला घेऊन जे झाले ते सांगितले, सेफ्टीपिनीसकट. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "भावजी, चहा घेतला का?" आणि पाकीट माझ्या हातून न घेता म्हणाल्या, जेवणवाला आलाय, तुम्हीच देऊन या.

तो हॉलच्या मागे चुलाणाजवळ बसला होता. त्याने नोटा थुंकी लावून दोनदा मोजल्या. मी समोर उभा राहिलो. साठ हजार होते.