रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून

थायरॉइडच्या रक्ततपासणीत माझा टीएसएच १८ आला, म्हणजे खूपच वाढलेला, अँटी-टीपीओ अँटीबॉडीज भरपूर वाढलेल्या. डॉक्टर म्हणाले, "हाशिमोटो. आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉइडवर उलटते." १९१२ साली ज्या जपानी सर्जननं हा आजार पहिल्यांदा नोंदवला, त्याचं हे नाव. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. माझ्या डोक्यात मात्र एवढंच राहिलं की गोळ्या घेतल्या की बरं वाटेल.

थायरॉइडची पन्नास मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. तीन महिन्यांनी टीएसएच तीन, नॉर्मल. झाले बरी, असं म्हणून मी गोळी बंद केली, कुणालाही न विचारता. तो तीन गोळीनंच आणला होता, हे कळलंच नाही मला. या औषधाचा अर्धा अंश ओसरायलाच आठवडा जातो, त्यामुळे सुरुवातीला काही जाणवलंही नाही. पुढे आवाज घोगरा झाला, बोटं सुजून अंगठी निघेना, भर मे महिन्यात पंखा नकोसा वाटायला लागला. टीएसएच ५२!

गोळी पुन्हा सुरू केली तीही चुकीच्या पद्धतीनं. सकाळी चहा, सोबत गोळी आणि लगेच कॅल्शियम, कारण एकदम घेतलं की विसरायला होत नाही. आकडा उतरेना. मग कळलं, ही गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्ध्या-पाऊण तासानं, आणि कॅल्शियम, लोह निदान चार तासांनी.

पण खरी सलते ती वेगळीच गोष्ट. डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात आणखी कुणाला?" मी नाही म्हणून मोकळी झाले. तेव्हा लेक दहावीत होती. दुपारी शाळेतून आली की दप्तर न काढता झोपायची, कंगव्यात केसांचा गुंता, पाळी दहा-दहा दिवस. मी तिला म्हणायचे, "वर्ष कसलं आहे आणि तू लोळतेस!" हा आजार घराण्यात चालतो, हे मला सांगितलेलं होतं. स्वतःला असाच थकवा आला तेव्हा मी डॉक्टर गाठला. तिला आला तेव्हा आळशी ठरवलं. तपासणी वर्षभरानं केली. तिचाही हाशिमोटोच निघाला.

रिपोर्ट हातात घेऊन तिनं विचारलं, "आई, म्हणजे मी आळशी नव्हते ना गं?"

"नव्हतीस," मी म्हणाले. "माझं चुकलं."

आता सहाचा गजर दोघींचा. आधी ती मला पाणी देते, मग स्वतः घेते.