हसऱ्याची जन्मतारीख

मेक्सिकोच्या आखातकाठच्या व्हेराक्रूझचा हा रहिवासी. उंची वीत-दीड वीत, अंग भाजक्या मातीचं, आतून पोकळ. डोकं वरून चपटं, गाल वर चढलेले, दोन्ही हात खांद्यापाशी उचललेले, तळवे समोर. आणि तोंडभर हसू! दातांची अख्खी रांग दिसते. कुणाचे दात कानशीने घासल्यासारखे टोकदार, तर कुणाच्या दातांमधून जिभेचं टोक डोकावतं. त्याच्या भाऊबंदांपैकी काहींच्या पोटात खुळखुळा वाजतो, काहींना शिट्टी बसवलेली असते. मूर्तींचं हे घराणं रेमोहादास-नोपिलोआचं, काळ साधारण इ.स. ६०० ते ९००.

इतकं हसायला झालंय काय, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी म्हणतं नाचगाण्याच्या देवाचा भक्त, कुणी म्हणतं बळी देण्याआधी काहीतरी पाजून झिंगवलेला. खुद्द हा दोघांनाही दात दाखवतो.

चेहरा साच्यातला, म्हणून याला भावंडं उदंड. पण धडधाकट भावंडं मोजकीच. १९५०च्या दशकात आल्फोन्सो मेदेयिन सेनिल यांनी तिथल्या टेकाडांमध्ये उत्खनन केलं, तेव्हा हाती आली ती बरीचशी सुटी मुंडकी आणि मोडके तुकडे. म्हणून संग्राहकाच्या कपाटात नखालाही धक्का न लागलेला हसरा दिसला, की जाणकाराच्या कपाळाला आधी आठी पडते.

जाणकार त्याच्या हसण्याला भुलत नाही. पालथा करून पाठ बघतो, पोकळीत उजेड टाकून बोटांचे ठसे बघतो. शतकानुशतकं जमिनीत राहिलेल्या मातीवर झाडांच्या बारीक मुळांच्या रेघा उमटतात, मँगनीजचे काळे ठिपके धरतात. नकली डाग बऱ्याचदा वरवरचे असतात, ओल्या बोळ्याने पुसले तरी निघतात. मापही चुगली करतं. जुन्या मूर्तीवरून साचा काढून नवी घडवली, तर माती वाळताना आणि भट्टीत आकसते. नक्कल अस्सलपेक्षा किंचित लहान भरते.

एवढ्याने भागलं नाही, तर प्रयोगशाळा. तळातून चिमूटभर भुकटी काढून ती तापवतात. मातीतल्या स्फटिकांनी आसपासच्या किरणोत्सर्गाची ऊर्जा वर्षानुवर्षं साठवलेली असते. मूर्ती भट्टीत गेली तेव्हा आधीची शिल्लक पुसली जाऊन हिशेब शून्यापासून सुरू झालेला असतो. तापवताना जो मंद प्रकाश सुटतो, त्यावरून वय काढतात. शे-दोनशे वर्षं इकडेतिकडे होतात, पण तेराशे वर्षांचा कोण आणि पन्नासचा कोण हे सहसा कळतं. मात्र भुकटी जिथून घेतली, तेवढ्यापुरतीच ही साक्ष. जुन्या पायांवर नवं डोकं चिकटवलं असेल तर यंत्र पायांचंच वय सांगणार.

या घराण्यात ब्रिहिदो लारा नावाचा माणूस घुसला आणि सगळ्यांची पंचाईत झाली. १९७४मध्ये पुराणवस्तूंची लूट केल्याच्या आरोपावरून त्याला पकडलं. जप्त मूर्ती तज्ज्ञांनी अस्सल ठरवल्या. तो सांगत राहिला, ‘लुटल्या नाहीत, मी घडवल्यात.’ कोण ऐकणार? शेवटी त्याने कोठडीत माती मागवली आणि तिथेच तशा मूर्ती करून दाखवल्या. तज्ज्ञांनी त्याही अस्सल म्हटल्या! १९७५च्या जानेवारीत तो सुटला. पुढे हालापाच्या संग्रहालयाने त्याला नोकरीवर ठेवलं. खोटं ओळखायला खोटं घडवणाऱ्याइतका लायक दुसरा कोण? आपल्या हातच्या मूर्ती परदेशांतल्या नामांकित संग्रहालयांतही बसल्या आहेत, असं तो सांगे.

राहता राहिली किंमत. मेक्सिकोच्या १९७२च्या कायद्याने स्पॅनिशपूर्व काळातली वस्तू राष्ट्राच्या मालकीची. तिची विक्री नाही, देशाबाहेर नेणं नाही. त्यामुळे परदेशातल्या लिलावात हसरा उभा राहिला, की जबाबदार खरेदीदार त्याचं वय विचारण्याआधी देश कधी सोडला ते विचारतो. जुनी पावती, जुना फोटो, एखाद्या जुन्या प्रदर्शनाच्या यादीतलं नाव, असं काही असलं तर भाव चढतो. नसलं तर मूर्ती खरी निघणं हीच पंचाईत, कारण मग ती बहुधा कुठल्यातरी रात्री चोरून खणलेली. कुठल्या टेकाडातून आली, शेजारी कोण पुरलेलं होतं, हात मुद्दाम मोडला होता की पहारीने तुटला, हे खणणाऱ्याने पाहिलंच नाही, आणि आता कोणत्याही यंत्राला ते सांगता येत नाही.

म्हणजे गंमत बघा. लाराने केलेल्या हसऱ्याचा बाप ठाऊक, गाव ठाऊक, काळही ठाऊक. आगापीछा नाही तो अस्सलाचाच.